मागचा आवाज कोठे जातो? : मॅट्रिक्स ध्वनिप्रणाली आणि उपनगरी चित्रपटगृह

चित्रपटातील ध्वनीविषयी मराठीत जे थोडेबहुत लेखन झाले आहे, ते बहुतांशी प्रगतीच्या कथेच्या रूपात येते. आधी एकवाहिनी ध्वनी, मग स्टिरिओ, मग सराउंड आणि शेवटी डिजिटल अशी ही चढती शिडी असून, खालच्या पायरीवरील प्रेक्षकाला वरच्या पायरीची चैन तेवढी लाभली नाही, एवढेच गृहीत धरले जाते. मॅट्रिक्स पद्धतीच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. येथे साध्या यंत्रणेसमोर बसलेल्या प्रेक्षकाला तोच ध्वनी कमी प्रतीचा मिळत नव्हता. त्यातील काही भाग त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेल्या ‘शोले’च्या ७० मि.मी. आवृत्तीत सहा चुंबकीय ध्वनिपट्ट्या होत्या. प्रत्येक वाहिनीची पट्टी स्वतंत्र असल्याने तेथे उकल करण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र अशा प्रिंट महाग आणि त्या दाखवू शकणारी चित्रपटगृहे मोजकी. डॉल्बी स्टिरिओने निराळा मार्ग काढला. ३५ मि.मी. फिल्मवर जेथे एक प्रकाशीय ध्वनिपट्टी असे, तेवढ्याच जागेत दोन पट्ट्या बसवून त्यांत चार वाहिन्या गुंफल्या. ‘स्टार वॉर्स’ने (१९७७) ही पद्धत जगभर रूढ केली. भारतात डॉल्बी स्टिरिओतील पहिला चित्रपट म्हणून ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’चा (१९९४) निर्देश केला जातो.

ही गुंफण बीजगणिताची आहे. डावा ध्वनी डाव्या पट्टीत व उजवा उजव्या पट्टीत जातो. मधला ध्वनी, म्हणजे प्रामुख्याने संवाद, ३ डेसिबलने उतरवून दोन्ही पट्ट्यांत सारखाच मिसळला जातो. प्रेक्षकांच्या मागून व बाजूंनी यावयाचा सराउंड ध्वनीही तितकाच उतरवून दोन्हींत मिसळतात. परंतु एका पट्टीत त्याची फेज ९० अंश पुढे आणि दुसरीत ९० अंश मागे सरकवलेली असते. परिणामी दोन्हींतील सराउंड परस्परांच्या नेमका उलट होतो : एकीकडे लहरीचा उंचवटा, तर दुसरीकडे खळगा. चित्रपटगृहातील उकलयंत्र दोन्ही पट्ट्यांची बेरीज करून मधली वाहिनी मिळवते आणि वजाबाकी करून सराउंड. बेरजेत सराउंड नाहीसा होतो, वजाबाकीत संवाद.

दोन समीकरणांतून चार अज्ञात राशी निर्दोषपणे मिळत नाहीत, हे गणिताच्या प्राध्यापकांना सांगावयास नको. मध्य आणि सराउंड परस्परांपासून पूर्ण अलग होतात. पण केवळ डाव्या बाजूचा ध्वनी मधल्या व सराउंड वाहिन्यांतही अवघ्या ३ डेसिबलच्या फरकाने झिरपतो. हे झिरपणे झाकण्यासाठी सराउंडला थोडा विलंब देतात, कारण जो आवाज कानी आधी पडतो त्याच्याच दिशेवर कान विश्वास ठेवतो. शिवाय प्रोजेक्टरचे ध्वनिशीर्ष किंचित कलले, तर उच्च कंप्रतेत दोन पट्ट्यांचा मेळ बिघडतो आणि संवादांतील ‘स’, ‘श’ मागच्या भिंतीवरून फुसफुसू लागतात. म्हणून सराउंड साधारण ७ किलोहर्ट्झवर छाटला जातो. पुढच्या प्रगत उकलयंत्रांत दिशानिर्णयाची व्यवस्था आली. त्या क्षणी कोणत्या दिशेचा ध्वनी प्रबळ आहे हे पाहून यंत्र त्या दिशेला उठाव देते आणि अन्यत्र झिरपलेला तोच ध्वनी दाबते. एक माणूस बोलत असता ही व्यवस्था उत्तम चालते. चारी बाजूंनी सारख्याच जोराचा कोलाहल असला, की यंत्राला प्रबळ कोण हे ठरवता येत नाही.

खरा प्रश्न उकलयंत्र नसलेल्या चित्रपटगृहाचा आहे. बोरिवलीचे जया, घाटकोपरचे ओडियन, मुलुंडचे मेहुल ही नावे उपनगरांच्या एकपडदा संस्कृतीची होत. त्या काळी अशा कोणत्याही गृहात यंत्रणा एकवाहिनी असेल, तर तिचा प्रकाशग्राही घटक दोन्ही पट्ट्या एकत्रच वाचणार; म्हणजे आपोआप बेरीजच करणार. संवाद भरदार ऐकू येणार आणि सराउंड शून्य होणार. तो हळू होत नाही, पुढच्या पडद्यामागूनही येत नाही. तो नष्ट होतो. या गुणालाच उत्पादक ‘सुसंगतता’ म्हणत : एकच प्रिंट सर्वत्र चालते. चालते हे खरे. तिची किंमत सराउंडने मोजली, हे मात्र क्वचितच बोलले गेले.

‘सत्या’तील (१९९८) चित्रपटगृहातल्या चेंगराचेंगरीचा प्रसंग या दृष्टीने आठवावा. अशा प्रसंगी गर्दीचा आकांत ध्वनिमिश्रकाने केवळ सराउंडला दिला, तर सुसज्ज गृहातील प्रेक्षक गर्दीत सापडतो आणि एकवाहिनी गृहातील प्रेक्षक गर्दीविना धावणारी माणसे पाहतो. जाणता मिश्रक म्हणूनच तसे करीत नसे. कथेला आवश्यक असे काहीही एकट्या सराउंडवर सोपवावयाचे नाही, पाऊस, रातकिडे, दूरची रहदारी एवढेच तिकडे पाठवावयाचे, असा संकेत त्यातून दृढ झाला. सराउंडच्या या भिडस्तपणाचा दोष समीक्षक कलावंताच्या कल्पनादारिद्र्याला देतात. तो अन्यायाचा आहे. ज्या प्रेक्षकाला सराउंड कधी ऐकूच आला नाही, त्याचा विचार मिश्रणमेजावर झालेला असे. समीक्षकांनी मात्र चित्रपट सुसज्ज पूर्वपरीक्षणगृहात ऐकला आणि जे ऐकले ते सर्वांनीच ऐकले, असे समजून परीक्षणे लिहिली.

अंधेरी-मुलुंडकडे बहुपडदा गृहे आली, डिजिटल ध्वनी आला; तरी फिल्मवर छिद्रांमधील डिजिटल नोंदीशेजारी या दोन प्रकाशीय पट्ट्या राहिल्याच. डिजिटल वाचन अडखळले, की यंत्रणा त्यांच्याकडे वळे. आजच्या डिजिटल प्रक्षेपणात वाहिन्या स्वतंत्र फाइलींतून येतात आणि पडद्यासाठी मॅट्रिक्सची गरज उरलेली नाही. गरज आहे ती जतनाच्या कामात. ज्या चित्रपटाचे मूळ मिश्रण हाती नाही आणि केवळ प्रिंट उरली आहे, तिच्या दोन्ही पट्ट्या स्वतंत्रपणे आणि न उकलता उतरवून घ्यावयास हव्यात. सोयीसाठी त्यांची बेरीज करून एकच वाहिनी साठवली आणि प्रिंटही पुढे नष्ट झाली, तर सराउंड पुन्हा मिळविण्याचा कोणताही गणिती मार्ग शिल्लक राहत नाही.