वीतभर, घटकाभर, मूठभर

वीतभर जागा, घटकाभर विश्रांती, मूठभर माणसे. जागा, काळ आणि संख्या या तिन्हींना मराठी एकच ‘भर’ लावते. व्हिन्सेंट वॉल्श यांनी २००३ मध्ये मांडलेला सिद्धान्त वाचला तेव्हा या ‘भर’मध्ये मला त्याचा आयता पुरावा दिसला. संख्या, आकारमान आणि काळ मोजणारी मेंदूतली यंत्रणा सामाईक आहे, असे वॉल्श म्हणतात. बरीच वर्षे मीही तेच सांगत फिरलो. आज ते मत मला दुरुस्त करायचे आहे.

पहिली अडचण डॅनियल कासासांटो आणि लेरा बोरोदित्स्की यांच्या २००८ मधील प्रयोगांची. पडद्यावरची रेघ जितकी लांब, तितकी ती अधिक वेळ दिसली असे लोकांना वाटले. अधिक वेळ दिसलेली रेघ मात्र त्यांना अधिक लांब वाटली नाही. यंत्रणा पूर्णपणे सामाईक असती, तर परिणाम दोन्ही बाजूंनी दिसायला हवा होता. ‘गाव तासाभरावर आहे’ हे वाक्य मी यावर उत्तर म्हणून पुढे करीत असे. पण ते चालण्याच्या वेगाचे गणित आहे, त्यात भास कुठेच नाही.

दुसरी अडचण ‘घटकाभर’मध्येच होती. तळाला बारीक भोक असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडत. ते भरून बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. काळ इथे अक्षरशः भरत होता. तेव्हा हा शब्द मोजण्याच्या साधनाची साक्ष देतो. मेंदूच्या रचनेविषयी त्यावरून निष्कर्ष काढणे ही माझी घाई होती. ‘क्षणभर’ला असे पात्र नाही, हे खरे, तिथे ‘भर’ सरावाने पोचला असावा.

मग भाषेचा पुरावा निरुपयोगी का? नाही. कासासांटो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये इंग्रजी आणि ग्रीक भाषकांची तुलना केली. इंग्रजीत वेळ ‘लांब’ असतो, ग्रीकमध्ये ‘पुष्कळ’. वेळेचा अंदाज करताना इंग्रजी भाषकांना वाढत्या रेघेने अधिक चकवले, ग्रीक भाषकांना भरत जाणाऱ्या भांड्याने. मराठीत सभा लांबते आणि वेळही पुष्कळ लागतो. मराठी माणसाला रेघ चकवील की भांडे, हे त्याच्यासमोर दोन्ही ठेवूनच तपासावे लागेल. माझ्या ‘भर’ने एवढा प्रश्न विचारावा, उत्तर देणे त्याच्या आवाक्यातले नाही.