ग्रंथ, संकेतस्थळ आणि महापदेस

पालि वाङ्मयाचे प्रकाशन आता केवळ छापखान्यावर अवलंबून राहिलेले नाही. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाची (१९५४-५६) संहिता १९९७ मध्ये सीडीवर आणली व पुढे संकेतस्थळावर ठेवली. २००५ मध्ये सुरू झालेल्या 'सुत्तसेंट्रल'ने पुढचे पाऊल टाकले. तेथे मूळ पालि व अनुवाद लहान लहान वाक्यखंडांत विभागून एका भांडारात ठेवलेले असतात. दुसरे संकेतस्थळ वा मोबाइलवरील ॲप एपीआयच्या द्वारे त्यांतील हवा तो भाग मागवून घेते. ग्रंथ एक, त्याची दर्शनरूपे अनेक. या पद्धतीचे गुणदोष पाहणे अभ्यासकांस आवश्यक आहे.

गुण उघड आहेत. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसारख्या गावी पालि ग्रंथालय नसले, तरी तेथील उपासकास महापरिनिब्बान सुत्त हातातल्या मोबाइलवर वाचता येते. इगतपुरीच्या संहितेत निरनिराळ्या मुद्रित आवृत्त्यांचे पृष्ठांक नोंदलेले आहेत. सुत्तसेंट्रलमध्ये प्रत्येक वाक्यखंडास स्वतःचा क्रमांक आहे. पृष्ठ बदलले तरी वाक्याचा ठावठिकाणा बदलत नाही. भाणकांची परंपरा पृष्ठावाचूनच चालत होती, याचे येथे स्मरण होते.

परंतु भाणक कोणत्या परंपरेचा, हे संघास ठाऊक असे. ॲपमध्ये उमटलेली ओळ कोणत्या आवृत्तीतली, कोणाच्या अनुवादातली, कोणत्या दिवशीची, हे वाचकास पुष्कळदा कळत नाही. भांडारातील अनुवाद सुधारला की एपीआय नवे शब्द देते; जुने शब्द भांडाराच्या इतिहासात राहतात, वाचकासमोर नव्हे. महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेसांची शिकवण अशी, की बुद्धवचन म्हणून कोणी काही सांगितले तर ते लगेच स्वीकारू नये व धिक्कारूही नये. पदे-व्यंजने नीट समजून घेऊन सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावीत. ज्या ओळीचा उगमच कळत नाही, ती ताडावी कशी? आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या संदर्भात हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. बाबासाहेबांनी त्याचे खंड, भाग व परिच्छेद स्वतःच क्रमांकित केले. जणू अशाच प्रकाशनासाठी त्याची घडण झाली. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत त्यांची प्रस्तावना नव्हती. कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील इंग्रजी पाठासोबत ती वाचावयास मिळते. म्हणजे ज्या वाचकास केवळ पहिल्या आवृत्तीचा पाठ मिळेल, त्यास ग्रंथकाराचे मनोगतच मिळणार नाही, आणि आपणास काय मिळाले नाही हेही त्यास कळणार नाही.

म्हणून आमची अपेक्षा साधी आहे. मराठी संहिता अशा रीतीने प्रकाशित व्हावी, की प्रत्येक परिच्छेदासोबत त्याचा क्रमांक, आवृत्तीचे वर्ष, अनुवादकाचे नाव व शेवटच्या दुरुस्तीचा दिनांक आपोआप यावा. ही चार अंगे गाळून मजकूर देणारे एपीआय कितीही वेगवान असो, त्यास आम्ही प्रकाशन म्हणणार नाही. ती केवळ वाटणी होय. धम्म 'एहिपस्सिक' आहे, 'ये आणि पाहा' असे म्हणणारा आहे. पाहावयास येणाऱ्यास मूळ दाखविण्याची सोय ठेवणे, हे प्रकाशकाचे पहिले कर्तव्य होय.