आभासी गावातला आपला मोहल्ला

मागच्या सत्रात आमच्या महाविद्यालयात आभासी वास्तवाचे, म्हणजे ज्याला आता सर्रास ‘व्हीआर’ म्हणतात त्याचे, एक प्रात्यक्षिक झाले. डोळ्यांवर एक पेटी बांधायची, की माणूस दुसऱ्याच जागी उभा असतो. मान वळवली की तेथले दृश्यही वळते. त्या दिवशी पेटीत एक गाव होते. वडाचा पार, विहीर, सारवलेली अंगणे, देवळाचा कळस. रांगेतली मुले एकेक करून त्या गावात जाऊन येत होती आणि हरखत होती. धनजकडचा एक विद्यार्थी मात्र बराच वेळ गोल गोल वळून पाहत राहिला. पेटी काढून देताना त्याने मला हळूच विचारले, “सर, याच्यात आपला मोहल्ला कोन्या अंगाले हाये?”

मोहल्ला नव्हताच. मी स्वतः कारंजा तालुक्यातल्या या धनजचा. आमच्या भागातल्या कोणत्याही गावात नवखा माणूससुद्धा पाच मिनिटांत सांगेल, निळा झेंडा कोणत्या टोकाला आहे. ते गाव रचणाऱ्याने मोहल्ला मुद्दाम गाळला असे मला म्हणायचे नाही. त्याच्या डोळ्यांत जे गाव होते ते त्याने रचले. मराठी ग्रामकथेने हे किती दशके केले ते या पानांच्या वाचकाला सांगायला नको. पण त्या कथेला आपण जो प्रश्न विचारला तोच या यंत्रालाही विचारला पाहिजे : पाहणारा कोण, आणि त्याला पाहणारे कोण?

या यंत्राविषयी मोठे दावे झाले आहेत. जॉर्डनमधील झातारी छावणीतल्या एका सीरियन मुलीवर ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ हा चित्रपट करणाऱ्या ख्रिस मिल्क यांनी २०१५ साली व्हीआरला सहवेदनेचे अंतिम यंत्रच ठरवून टाकले. दुसऱ्याच्या जागी उभे राहिलात की त्याचे दुःख तुम्हांला कळेल, असा हा सरळ हिशेब. आपल्याकडे मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबने २०१६ मध्ये ‘एल्सव्हीआर’ सुरू केले. त्यातला ‘कास्ट इज नॉट अ रूमर’ हा माहितीपट उना प्रकरणानंतरचा. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत मेलेले गुरे सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले, आणि त्याचे चित्रण मारणाऱ्यांनीच मिरवले. तो कॅमेरा मारणाऱ्यांच्या बाजूला होता. त्यानंतर कुणी दुसऱ्या बाजूने कॅमेरा लावला, याचे मोल मी कमी करणार नाही. विषयाला जात हे नाव उघडपणे दिले, हेही आपल्याकडे थोडके नाही.

माझी अडचण वेगळी आहे. मेल स्लेटर हे या क्षेत्रातले मान्यवर संशोधक. त्यांनी २००९ साली या अनुभवाचे दोन भाग पाडले. एक, आपण त्या जागी आहोत असा भास. दुसरा, तेथे जे घडते ते खरोखर घडते आहे असा भास. पहिला भास मान वळवताच दृश्य वळले की येतो. दुसरा त्याने येत नाही. तेथल्या माणसांनी आपली दखल घ्यावी लागते, आपल्याला उत्तर द्यावे लागते. चहू अंगांनी चित्रित केलेल्या माहितीपटात पहिला भास भरपूर असतो, दुसरा जवळजवळ नसतो. प्रेक्षक त्या अंगणात भुतासारखा उभा असतो. खाली पाहावे तर स्वतःचे पाय नाहीत. त्याला कुणी हटकत नाही.

आमच्याकडे नवखा माणूस गावात आला तर पाणी नंतर, प्रश्न आधी. “कोन्या गावचे? कोनाचे?” आडनाव सांगितले की विचारणाऱ्याचा चेहरा एक तर सैल होतो किंवा आवळतो. पेटीतल्या गावात हा प्रश्न नाही. न विचारता आत शिरावे, सगळे पाहावे, स्वतः कुणाला दिसू नये, अशी सवलत या देशात फार थोड्यांना मिळाली. ती सवलत वाटणारे यंत्र अस्पृश्याचा अनुभव कसा देणार?

बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या दृष्टीने पुन्हा वाचावे. १९०१ साल. भावंडांसह लहानगा भीमराव वडिलांकडे कोरेगावला निघालेला. मसूरच्या स्थानकावर उतरतो. कपडे नीटनेटके, त्यामुळे स्टेशनमास्तर मुलांना ब्राह्मणाची समजतो, आपुलकीने चौकशी करतो. मुले कोण ते कळताच त्याचा चेहरा बदलतो आणि तो निघून जातो. मग दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडीत बसून हाकायला तयार नाही. तो पायी चालणार, गाडी मुलांनी हाकायची. आता या फलाटावर चहूकडे पाहणारा कॅमेरा ठेवला असे समजा. उत्तराच्या आधी आणि नंतर फलाट तोच, रूळ तेच, ऊन तेच. मुलांच्या अंगावरचे कपडेही तेच. बदलले ते एका माणसाचे दुसऱ्याशी वागणे. जात दृश्यात नसते, देवाणघेवाणीत असते. पेटीतले दृश्य कितीही दाट केले तरी ती सापडणार नाही.

म्हणूनच परदेशातले प्रयोग आपल्याकडे जसेच्या तसे आणता येत नाहीत. २०१३ साली टॅबिथा पेक आणि सहकाऱ्यांनी गोऱ्या वर्णाच्या स्त्रियांना आभासी आरशात काळ्या वर्णाचा देह दिला. नंतरच्या चाचणीत त्यांचा सुप्त वर्णपूर्वग्रह कमी झालेला आढळला. हे ठीक. पण आपण तो आरसा आणला तर त्यात काय दाखवणार? महाराचा देह कसा असतो, मांगाचा कसा? आरशात जे दाखवू तो आपलाच पूर्वग्रह असेल. आणि वर्णाच्या बाबतीतही गोष्ट सरळ नाही. २००९ मध्ये ग्रूम, बेलेन्सन आणि नास यांनी असाच देह देऊन माणसांना नोकरीच्या मुलाखतीला बसवले, तेव्हा गोऱ्यांच्या बाजूचा पूर्वग्रह वाढलेला दिसला. एकट्याने आरशापुढे उभे राहणे वेगळे, आणि मुलाखत घेणाऱ्यापुढे बसणे वेगळे. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या नावाने आला. तो घेऊन मी अशा बऱ्याच खोल्यांत बसलो आहे. त्यामुळे या दुसऱ्या प्रयोगाचे मला फारसे आश्चर्य वाटले नाही.

परदेह धारण करण्याची गोष्ट मराठीत बाबूराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या संग्रहातील शीर्षककथेत केव्हाच सांगितली आहे. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात न सांगता सवर्णाच्या घरी राहतो. त्याला मान मिळतो, स्नेह मिळतो. उघड झाल्यावर मार बसतो. पेटी घातलेला माणूस मनात येईल तेव्हा ती काढतो. बागुलांच्या नायकाची पेटी दुसरेच ओढून काढतात. गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्काई यांनी २०१२ च्या ग्रंथात जगलेल्या अनुभवाची जी चर्चा केली, तिच्या मुळाशी हीच गोष्ट आहे : त्यातून बाहेर पडण्याची मुभा नसणे.

इव्हान सदरलँड यांना हे उमगले असावे. डोक्यावर बांधायचे पहिले यंत्र त्यांनी १९६८ मध्ये दाखवले. त्याआधी, १९६५ साली, त्यांनी एका अंतिम खोलीची कल्पना मांडली होती. त्या खोलीतल्या बेड्या खरोखर जखडतील, गोळी खरोखर मारील. पुढच्या संशोधनाने यातली खुर्ची घेतली, बेडी सोडली. ते बरेच झाले म्हणा. नाहीतर तशी खोली आपल्याकडे गावोगाव बांधलेलीच होती.

तरीही हे यंत्र टाकून द्यावे असे मी म्हणणार नाही. कोलंबिया विद्यापीठातील कृष्णवर्णीय संशोधिका कोर्टनी कॉगबर्न यांनी स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेबरोबर केलेली ‘थाउजंड कट जर्नी’ ही २०१८ ची कृती पाहा. तीत प्रेक्षक एका काळ्या मुलाच्या देहात वाढतो आणि वर्गात, पोलिसांपुढे, नोकरीच्या जागी इतर लोक त्याच्याशी वागतात. तेथे तो भूत नाही. रचणाऱ्याला मोहल्ला ठाऊक असला की गावात मोहल्ला येतो.

आम्ही काही जणांनी मसूर स्थानकाचा असा एक प्रवेश कागदावर लिहायला घेतला. यंत्र आमच्याजवळ नाही, पण लिहायला ते लागत नाही. अडलो पहिल्याच पानावर. एका मुलीचे म्हणणे, आरंभीच प्रेक्षकाचे आडनाव विचारावे आणि मग स्टेशनमास्तरने तसे वागावे. दुसऱ्याचे म्हणणे, सगळ्यांना एकच आडनाव द्यावे. वाद तासभर चालला. धनजचा तो मुलगा शेवटपर्यंत गप्प होता. कागद आवरताना म्हणाला, “सर, त्या पेटीत खरं आडनाव लिवाचं का?” ते पान अजून अर्धेच आहे.