गच्चीवरची माणसे

कॅथरीन बिगेलो यांचा ‘द हर्ट लॉकर’ हा चित्रपट २००९ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. मार्च २०१० मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सहा ऑस्कर मिळाली. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचे ऑस्कर एखाद्या स्त्रीला मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. एवढे होऊनही अमेरिकेत त्याची तिकीटविक्री सुमारे १७ दशलक्ष डॉलरवरच थांबली. म्हणजे प्रेक्षकांपेक्षा परीक्षकांनीच तो अधिक उचलून धरला.

मी तो पुन्हा एकदा माझ्या भाच्यासोबत पाहिला. संपल्यावर तो म्हणाला, “मामू, पिक्चर जबरदस्त आहे. पण एक गोष्ट आत्ता लक्षात आली. गच्चीवर कुणी दिसलं की मला वाटायचं, हाच बॉम्ब उडवणार.” त्याचे हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. हा लेख त्यातूनच झाला आहे.

कथा २००४ च्या बगदादमधली आहे. बॉम्ब निकामी करणाऱ्या अमेरिकन पथकाचा प्रमुख सुरुवातीलाच मारला जातो. एका खाटकाच्या दुकानापाशी उभा असलेला माणूस मोबाइलचे बटण दाबतो आणि स्फोट होतो. प्रमुखाच्या जागी सार्जंट जेम्स येतो. जेरेमी रेनर यांनी ही भूमिका केली आहे. जेम्सला धोक्याचेच व्यसन आहे. पटकथाकार मार्क बोल हे स्वतः पत्रकार म्हणून इराकमध्ये अशा पथकासोबत राहिले होते. बॅरी ॲक्रॉइड यांचा हातात धरलेला कॅमेरा आपल्याला थेट त्या रस्त्यावर नेऊन उभा करतो.

या चित्रपटावर पाहणाऱ्यांची मते तीन प्रकारची पडली. समीक्षकांना त्यातले वास्तव भावले. दुसरा वर्ग इराकमध्ये लढून आलेल्या सैनिकांचा. यातल्या अनेकांना तो वास्तव वाटलाच नाही. माजी सैनिकांच्या संघटनेचे संस्थापक पॉल रीकहॉफ यांनी तर जाहीर टीका केली. तीन सैनिक एकच गाडी घेऊन शहरभर फिरतात, पथकप्रमुख रात्री एकटाच छावणीबाहेर पडतो, हे सैन्यात चालत नाही, असे सैनिकांचे म्हणणे होते. अंगावरचे गणवेशही त्या सालचे नाहीत, इथपर्यंत चुका काढल्या गेल्या. तिसरा वर्ग युद्धविरोधकांचा. पत्रकार जॉन पिल्जर आणि विचारवंत स्लावोय झिझेक यांचा आक्षेप वेगळा होता. सैनिकाच्या मनाचे दुखणे दाखवण्याच्या नादात हे सैन्य परक्या देशात आलेच कशाला, हा प्रश्न चित्रपट गिळून टाकतो, असे या टीकेचे सार.

या तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. बॉम्ब निकामी करणारा नायक लेखकाच्या फार सोयीचा असतो. तो जीव वाचवायला निघालेला असतो, त्यामुळे त्याचे हात स्वच्छ राहतात. सैन्य आक्रमक असले तरी तो रक्षकच दिसतो. इराकमध्ये रस्त्यावरच्या स्फोटांत अगणित इराकी माणसे मेली. इथे मात्र ती माणसे पार्श्वभूमीला आहेत. ती गच्चीवरून, खिडकीतून, मिनारावरून नुसती पाहत असतात. एकजण व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रण करतो आहे. तो कोण आहे? शत्रू, की आपल्या दारात काय चालले आहे ते टिपून ठेवणारा एक रहिवासी? चित्रपट ते सांगत नाही. न सांगण्यावरच त्याचा थरार उभा आहे. माझ्या भाच्याला जे वाटले ते चुकून वाटलेले नाही. कॅमेऱ्याने त्याला तसे बघायला लावले.

तरीही हा निव्वळ प्रचारपट आहे, असे म्हणायला मी तयार नाही. डीव्हीडी विकणाऱ्या एका पोराशी जेम्सची गट्टी जमते. पुढे एका मुलाच्या प्रेतात बॉम्ब दडवलेला सापडतो. हा तोच पोर, असे जेम्सला वाटते. तो पेटून उठतो, सूड घ्यायला रात्री एका भल्या प्राध्यापकाच्या घरात पिस्तूल घेऊन घुसतो, आणि त्याची बायको त्याला हाकलून देते. काही दिवसांनी तोच पोर जिवंत, हसत समोर येतो. जेम्स त्याच्याशी एक शब्दही न बोलता निघून जातो. ज्याच्यावर माया केली त्याचाही चेहरा त्याला ओळखता आला नव्हता. परक्याच्या नजरेला आपली सगळी पोरे सारखीच दिसतात, याची ही कबुलीच आहे. दिग्दर्शिकेने ती प्रामाणिकपणे दिली आहे. पण ती तिथेच सोडून कथा पुन्हा जेम्सच्या मागे जाते. तो मेलेला मुलगा कोणाचा होता, त्याची मय्यत कोणी उचलली, हे आपल्याला कधीच कळत नाही.

शेवटाकडे एक माणूस येतो. अंगावर बॉम्ब कुलपांनी जखडलेले आहेत आणि तो घरादाराची आण देऊन वाचवा म्हणतो आहे. वेळ संपते, जेम्सला पळावे लागते. ही भूमिका सुहैल दब्बाग या इराकी अभिनेत्याने केली. श्रेयनामावलीत त्या पात्राला नावदेखील नाही; ‘काळ्या सुटातला माणूस’ एवढीच त्याची ओळख. चित्रीकरण जॉर्डनमध्ये झाले आणि तिथे आश्रयाला आलेल्या इराकींनी त्यात कामे केली. आपलेच उद्ध्वस्त शहर त्यांनी परमुलखात पुन्हा उभे केले, तेही दुय्यम पात्रे होऊन. पुढे २०१९ च्या ‘मोसुल’मध्ये दब्बाग मुख्य भूमिकेत आले. तिथे पात्रे अरबी बोलतात आणि लढाई त्यांच्याच शहराची आहे. दिग्दर्शक तिथेही अमेरिकनच, तरी कॅमेरा एवढा सरकू शकतो, हे त्यातून दिसले.

आपल्याला ही नजर नवी नाही. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेलेले बहुतांश मुसलमान होते आणि पकडलेले तरुणही मुसलमानच होते. न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले ते २०१६ साली. मधली दहा वर्षे ती घरे गच्चीवरच्या माणसांसारखी संशयाच्या चौकटीत उभी होती.

म्हणून ‘द हर्ट लॉकर’ जरूर पाहावा. त्याची ताकद मान्य करावी, आणि पाहताना आपली नजर कुठे वळवली जाते आहे तेही तपासावे. इतरांनी आपल्यावर कथा रचल्या ही तक्रार आपण पुष्कळ केली. गच्चीवरच्या माणसाच्या घरात त्या दिवशी चूल पेटली होती का, पोर शाळेतून परतले होते का, हे त्या घरातल्या लेखकालाच ठाऊक असणार. ते त्याने लिहायला हवे. माझा भाचा लिहितो. मी त्याला तेवढेच सांगितले.