संत मार्टिन आणि त्याचा चरित्रकार

हल्लींच्या फ्रान्समधील तूर येथें इ. स. ३७१ च्या सुमारास बिशप झालेल्या संत मार्टिनचें चरित्र सल्पीशियस सेव्हीरस यानें लॅटिनमध्यें लिहिलें, तेंही नायक हयात असतांना. पश्चिम युरोपांतील संतचरित्रांना वळण लावणारा हा ग्रंथ. भाषा सफाईदार, प्रसंगांची निवड नेमकी. आणि तरी मार्टिनची खरी कसोटी जेथें लागली त्या प्रसंगाविषयीं त्यांत अवाक्षरही नाहीं.

झग्याची कथा मात्र सर्वतोमुखीं आहे. आमिएँच्या वेशीपाशीं ऐन हिवाळ्यांत उघडा भिकारी दिसतांच तरुण शिपाई मार्टिननें तलवारीनें झगा दुभंगून अर्धा त्यास दिला. पाहणारे कांहींजण हंसले. रात्रीं तोच तुकडा ख्रिस्तानें पांघरलेला त्यास स्वप्नांत दिसला. (चित्रकारांनीं मार्टिनला घोड्यावर बसविलें, सेव्हीरसच्या कथेंत घोडा नाहीं.) येवढ्या कथेवर केवढी भक्ति पोसली! फ्रँक राजे त्या झग्याचा अवशेष लढाईवर नेत, त्याच्या साक्षीनें शपथा घेववीत. 'चॅपेल' हा शब्दही झग्याच्या लॅटिन नांवापासूनच निघाला. ३९७ त मार्टिन वारला तेव्हां त्याच्या देहासाठीं दोन गांवांत तंटा लागला व तूरकरांनीं रात्रीं तो खिडकींतून लांबविला, असें सहाव्या शतकांतील बिशप ग्रेगरी सांगतो. महीपतीच्या 'भक्तविजया'वर वाढलेल्या वाचकांस संतचरित्रांतील ही भाविकता परकी वाटणार नाहीं.

परंतु ३८५ च्या सुमारास जर्मनींतील ट्रियर येथें निराळेंच घडलें. प्रिसिलियन या स्पॅनिश बिशपावर पाखंडाचा ठपका ठेवून त्याचे प्रतिपक्षी बिशपच सम्राट् मॅक्सिमसच्या दारीं गेले. धर्ममताच्या वादांत रक्त सांडूं नये, बहिष्कार पुरे, असा मार्टिननें आग्रह धरला. सम्राटानें शब्द दिला. मार्टिनची पाठ फिरतांच प्रिसिलियनचा वध झाला. पुढें अनुयायांचा शोध घेण्यासाठीं स्पेनमध्यें अधिकारी धाडण्याचें ठरलें. ते परत बोलवावेत व अन्य कांहींजणांचे प्राण वांचावेत म्हणून, ज्यांचा संसर्गही तो टाळीत होता त्या बिशपांबरोबर प्रभुभोजनास बसण्याचें मार्टिननें पत्करलें. माणसें वांचलीं. परततांना मात्र तो रानांत मागें राहून स्वतःशींच झगडत बसला. आपलें सामर्थ्य त्या दिवसापासून उणें झालें, असें तो पुढें रडत सांगे. बिशपांच्या सभेस तो पुन्हां कधीं गेला नाहीं.

हें सर्व सेव्हीरसनेंच लिहून ठेविलें आहे, पण मार्टिनच्या मृत्यूनंतर रचलेल्या 'संवादां'त. चरित्रांत मॅक्सिमसची मेजवानी आहे. तींत मार्टिन आपला पेला सम्राटाआधीं पुरोहिताच्या हातीं देतो. ताठा चरित्रांत शोभला, तडजोड शोभली नाहीं! प्रतिपक्षी बिशपांची भीति, कीं मूर्तीस तडा जाईल ही धास्ती? आम्हांस दुसरें कारण अधिक संभवनीय वाटतें. आणि म्हणूनच चरित्रकार म्हणून सेव्हीरस 'संवादां'त मोठा झाला, असें आमचें मत आहे. दोन्ही ग्रंथांचें इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे. वाचकानें चरित्र संपवून पुस्तक मिटूं नये. 'संवादां'चा शेवटचा भाग काढावा.