टेक्स्ट एडिटर आणि प्रोग्रामिंग भाषेतील स्ट्रिंग-प्रकार : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

संगणकावर लेखन करणाऱ्याच्या दृष्टीने मजकूर म्हणजे अक्षरे, शब्द आणि परिच्छेद होत. संगणकाच्या स्मृतीत मात्र तो केवळ अंकांचा क्रम असतो. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे प्रोग्रामिंग भाषेतील 'स्ट्रिंग' हा डेटा-प्रकार. 'एक अक्षर कशाला म्हणावे' आणि 'मजकुरातील स्थान कसे सांगावे' या प्रश्नांची उत्तरे भाषेचा रचनाकार स्ट्रिंग घडवतानाच देऊन ठेवतो आणि त्या भाषेत लिहिलेला टेक्स्ट एडिटर बहुधा ती निमूटपणे स्वीकारतो. ही उत्तरे एडिटरच्या कामाला कितपत उपयुक्त आहेत आणि देवनागरीच्या कसोटीवर ती कितपत उतरतात, याचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

'अक्षर' या संकल्पनेची स्थित्यंतरे :

१९७२ च्या सुमारास आकारास आलेल्या 'सी' भाषेत स्ट्रिंग म्हणजे शून्याने संपणारी बाइटांची रांग होती. एक बाइट म्हणजे एक अक्षर हे समीकरण इंग्रजीपुरते चालून गेले. १९९५ साली आलेल्या जावाने १६ बिटांचे एकक स्वीकारले, कारण जगातील सर्व लिपी ६५,५३६ संकेतांकांत सामावतील असा तेव्हाचा समज होता. पुढच्याच वर्षी युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीने ही मर्यादा ओलांडली. जावाचे एकक मात्र तेच राहिले. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीने (२००८) संकेतांकाला एकक मानले. गो (२००९) आणि रस्ट (पहिली स्थिर आवृत्ती २०१५) यांनी यूटीएफ-८ पद्धतीचे बाइट स्वीकारले, तर स्विफ्टने (२०१४) वाचकाला एक वाटणारा चिन्हसमूह हेच अक्षर मानले.

या भेदाचे परिणाम 'राष्ट्र' या एका शब्दावरून स्पष्ट होतात. गो भाषेत त्याची लांबी २१ भरते, कारण देवनागरीचा प्रत्येक संकेतांक यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो. जावा व पायथन ७ हा आकडा देतात. त्यात काना आणि दोन हलन्त चिन्हेही स्वतंत्रपणे मोजली जातात. युनिकोडच्या चिन्हसमूहविषयक जुन्या नियमानुसार उत्तर ४ येते, तर २०२३ च्या १५.१ या आवृत्तीतील सुधारित नियमानुसार २ येते. मराठी वाचक 'रा' आणि 'ष्ट्र' अशी दोनच अक्षरे मोजतो. म्हणजेच वाचकाचे उत्तर प्रमाणित नियमांत उतरण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

संपादनाची गरज आणि स्ट्रिंगची रचना :

बहुतेक भाषांतील स्ट्रिंग ही सलग साठवलेली असते. जावा, पायथन व गो यांसारख्या भाषांत तर ती अपरिवर्तनीयही असते. टेक्स्ट एडिटरचे काम याच्या नेमके उलट आहे. मोठ्या मजकुराच्या आरंभी एक अक्षर घातले, तर सलग रचनेत पुढील सर्व मजकूर सरकवावा लागतो. म्हणून एडिटरांनी आपापल्या रचना शोधल्या. ईमॅक्स कर्सरपाशी एक मोकळी पोकळी राखतो व टंकलेले अक्षर त्या पोकळीत पडते. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात १९७० च्या दशकात घडलेल्या 'ब्राव्हो' या एडिटरने तुकड्यांचा तक्ता वापरला. त्यात मूळ मजकुराला हात न लावता नवी भर वेगळ्या जागी साठवतात आणि तक्त्यात फक्त तुकड्यांचा क्रम नोंदवतात. बोएम, अ‍ॅटकिन्सन व प्लास यांनी १९९५ मध्ये मांडलेला 'रोप' हा स्ट्रिंगच्या तुकड्यांचा वृक्ष होय.

या संदर्भात व्हीएस कोडचा अनुभव बोलका आहे. त्यात पूर्वी प्रत्येक ओळीसाठी एक स्वतंत्र वस्तू असे. सुमारे १ कोटी ३७ लाख ओळींची अवघी ३५ एमबीची फाइल उघडताना ओळींच्या या यादीने जवळपास ६०० एमबी स्मृती व्यापली. २०१८ मध्ये ती रचना बदलून तुकड्यांच्या तक्त्याला वृक्षाची जोड देण्यात आली. हा भाग सी प्लस प्लसमध्ये लिहून पाहिला गेला. परंतु त्या भाषेतील स्ट्रिंग आणि जावास्क्रिप्टची स्ट्रिंग यांच्यातील रूपांतराचा खर्च इतका होता की मिळालेला वेग त्यातच खर्ची पडला. एडिटरच्या रचनेचा निर्णय येथे अखेर भाषेच्या स्ट्रिंगनेच घेतला, असे म्हणावे लागते.

देवनागरीची कसोटी :

देवनागरीत संपादन करताना एकाच एककाने भागत नाही. बाणाच्या कळीने कर्सर 'ष्ट्र' हे संपूर्ण जोडाक्षर ओलांडून जावा ही अपेक्षा रास्त आहे. पण 'की' ऐवजी चुकून 'कि' लिहिणाऱ्याला मागे खोडण्याच्या कळीने फक्त वेलांटी पुसायची असते, 'क' नव्हे. पहिल्या क्रियेचे एकक चिन्हसमूह आहे, तर दुसरीचे संकेतांक. कोणतेही एकच उत्तर देणारी स्ट्रिंग यांपैकी एका क्रियेवर अन्याय करते.

शोधाच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो. 'दर्या' आणि 'दऱ्या' या भिन्नार्थी शब्दांतील भेद मराठीला आवश्यक आहे. 'दऱ्या' मधील अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो : 'ऱ' व हलन्त, किंवा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडत नाही. स्विफ्टची समानता-तपासणी एकसंध 'ऱ' आणि 'र' अधिक नुक्ता यांना एक मानते, हे तिचे श्रेय होय. पण जोडचिन्हाचा प्रकार तिच्याही कक्षेबाहेर राहतो.

मूल्यमापन :

स्विफ्टची भूमिका वाचकाच्या सर्वांत जवळची आहे, तरी तिच्यात एक दोष संभवतो. चिन्हसमूहाचे नियम युनिकोडच्या आवृत्तीनुसार बदलतात. त्यामुळे 'चाळिसावे अक्षर' अशी नोंद करून ठेवलेले स्थान नियम बदलताच दुसरीकडे सरकू शकते. रस्टची बाइट-आधारित स्थाने स्थिर राहतात आणि संकेतांकाच्या मध्येच स्ट्रिंग कापू पाहणाऱ्या कार्यक्रमाला ती भाषा थांबवते. मात्र जोडाक्षर मध्येच कापले गेल्यास ती काहीच आक्षेप घेत नाही. चिन्हसमूहांची ओळख तिने बाहेरच्या ग्रंथालयांवर सोपवली आहे. याखेरीज, नियमित पदावली वा शोध यांच्या प्रचलित सुविधा बहुधा सलग स्ट्रिंगच मागतात. परिणामी तुकड्यांत साठवलेल्या मजकुरासाठी एडिटरकाराला त्या नव्याने रचाव्या लागतात.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की साठवणीचे एकक, स्थानाचे एकक आणि वाचकाचे अक्षर या तीन भिन्न गोष्टी आहेत. त्यांना एकाच 'लांबी'त आणि एकाच क्रमांकात कोंबणे हा स्ट्रिंगच्या रचनेतील मूळ दोष होय. स्थान स्थिर एककात नोंदवावे, चिन्हसमूह मागणीनुसार मोजावेत, आणि शोधाच्या सुविधा तुकड्यांच्या मजकुरावरही चालाव्यात, एवढी अपेक्षा भाषेकडून ठेवणे वाजवी आहे. अक्षराची व्याख्या हा निव्वळ तांत्रिक तपशील नाही. ज्या लिपीचे अक्षर भाषेच्या रचनेत बसत नाही, त्या लिपीत लिहिणाऱ्याला प्रत्येक कर्सरगणिक त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून स्ट्रिंगचा कोणताही नवा आराखडा इंग्रजी शब्दांबरोबरच 'राष्ट्र' आणि 'दऱ्या' यांवरही पारखून घेतला पाहिजे.