ठिणगीवाचून पेट : संगणकाच्या चित्रावर किती विश्वास ठेवावा?

पाटणजवळ कोयनाकाठी डिझेल इंजिनावर पाणी उपसताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हँडल मारून इंजिन सुरू करणे ठाऊक असेल. या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. दट्ट्याने दाबलेली हवा इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. वर्गात आपण सांगतो, 'ज्वलनांक गाठला की पदार्थ पेटतो.' हे विधान अपुरे आहे. फवारा आणि पेट यांच्यात अल्पसा विलंब असतो. तो तापमानाबरोबरच दाबावर व मिश्रणावरही अवलंबून असतो.

मग खळबळणाऱ्या हवेत पहिला पेट नेमका कोठे घेतला जातो? मास्तोराकोस, बारितो आणि पोआन्सो यांनी १९९७ साली हा प्रश्न संगणकावर सोडवला. थंड इंधन आणि भोवती तप्त हवा, अशी त्यांची मांडणी होती. इंधन व ऑक्सिजन नेमक्या प्रमाणात असतील तेथे पेट घेतला जाईल, असे कोणालाही वाटेल. उत्तर निराळे आले. इंधन थोडे कमी, पण मिश्रण अधिक तप्त, अशा भागात पेट घेतला गेला. त्यातही, जेथे मिसळण्याचा वेग मंद असल्याने उष्णता चटकन निसटत नाही, तेथे तो आधी झाला.

हा निष्कर्ष आम्हांला मोलाचा वाटतो. तरीही ते गणित द्विमितीय होते; खरी खळबळ त्रिमितीय असते. ज्वलन एकाच अभिक्रियेचे मानले होते. हेप्टेनच्या ज्वलनाच्या तपशीलवार आराखड्यात मात्र शेकडो घटक आणि हजारो अभिक्रिया असतात. ही काटकसर आळसाची नव्हे. त्रिमितीय जाळीचे अंतर निम्मे केले की घरे आठपट होतात, काळाची पावलेही दुप्पट लागतात. म्हणजे काम सोळापट! प्रत्यक्ष इंजिनातील ज्वाला प्रत्येक भोवरा व प्रत्येक अभिक्रियेसह सोडवणे आजही आवाक्याबाहेर आहे.

पुढे प्रयोगांनी आणि त्रिमितीय गणितांनी मूळ कल्पनेला आधार दिला, म्हणून ती टिकली. चित्रे रंगीत होती म्हणून नव्हे. आमची तक्रार आहे ती अशी चित्रे छायाचित्रांसारखी छापण्याबद्दल. असे चित्र वर्गात दाखवताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न जरूर विचारू द्यावेत : जाळी किती बारीक होती? रसायनशास्त्र किती घेतले? आणि कोणत्या प्रयोगाशी ते ताडून पाहिले?